सगळ्यांना घेऊन गड चढायचा असेल तर: मिश्र गटाच्या ट्रेकची तयारी, क्रमाने

पुण्यातल्या ट्रेकिंग गटांच्या पोस्टरवर हल्ली ‘सर्वांसाठी खुला’ ही ओळ हमखास असते. मग एखाद्या बुधवारी दृष्टिहीन मुलाचा फोन येतो, ‘मी येऊ का?’, आणि आयोजकांची धांदल उडते. गड ठरलेला, तारीख ठरलेली, गाडीचा विसार दिलेला. आता याला बसवायचं कुठे? शेवटी ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणून फोन ठेवला जातो. नाहीतर त्याला नेलं जातं, पायथ्याच्या टपरीवर चहा पाजून बसवलं जातं आणि बाकीचे वर जाऊन येतात. हे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनही घडले आहेत.

यात कुणाचं मन वाईट नसतं, क्रम चुकलेला असतो. आधी गड, मग तारीख, मग पोस्टर आणि सगळ्यात शेवटी माणसं. हा क्रम फिरवला की निम्म्या अडचणी घरबसल्या सुटतात. खाली तो फिरवलेला क्रम दिला आहे. हा लेख एका दिवसाच्या, दोर न लागणाऱ्या गडफेरीपुरता आहे. गटात दृष्टिहीन, कर्णबधिर, कृत्रिम पाय लावून चालणारे, साठी उलटलेले, वस्तीतून पहिल्यांदाच डोंगरावर येणाऱ्या मुली, ट्रान्स व्यक्ती असे सगळे असतील हे धरून तो लिहिला आहे. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) आणि व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) यांची तयारी निराळी असते, ती इथे नाही.

हाताशी किमान सहा आठवडे ठेवा. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिला मिश्र ट्रेक पावसाळ्यात काढू नका. शेवाळ आणि चिखल तर आहेच, पण धुकं उतरलं की कर्णबधिर माणसाची बोलायची वाटच बंद होते, कारण समोरच्याचे हात आणि ओठ दिसेनासे होतात. शिवाय पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगड-लोहगडावर जी रेटारेटी असते, तिच्यात कुणालाच स्वतःच्या चालीने चालता येत नाही.

## टप्पा १: आधी माणसं ठरवा

पोस्टर काढू नका. आपल्या गटातल्या प्रत्येकाला विचारा की त्याच्या ओळखीत डोंगरावर यायची इच्छा असलेलं, पण आजवर कुणी न नेलेलं कोण आहे. शेजारची मावशी निघेल, ऑफिसातला कर्णबधिर सहकारी निघेल. दहा-बारा नावं जमली की थांबा.

पूर्ण गट वीसच्या आत ठेवा. त्यात ज्यांना सोबत लागणार आहे अशी माणसं पाच-सहाच असावीत. मी दृष्टिहीन व्यक्तीमागे दोन सोबती धरतो. दोघंही एका वेळी लागतात म्हणून नव्हे, तर अर्ध्या तासाने एकाचं लक्ष थकतं म्हणून. वाट बघणं, ती शब्दांत सांगणं आणि स्वतःचा तोल सांभाळणं हे तिन्ही एकदम करायचं काम आहे, ते तासन् तास एकट्याला झेपत नाही.

तपासणी: सोबत लागणाऱ्यांची संख्या आणि तयार सोबत्यांची संख्या शेजारी शेजारी लिहा. सोबती कमी पडत असतील तर माणसं गाळू नका, गट दोन फेऱ्यांत वाटा.

## टप्पा २: पंधरा मिनिटांचा फोन

प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. आईशी, भावाशी किंवा संस्थेच्या बाईंशी नव्हे, थेट त्या माणसाशी. कर्णबधिर व्यक्तीशी व्हॉट्सॲपवर लिहून किंवा व्हिडिओ कॉलवर.

‘तुम्हाला जमेल का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्यावर समोरचा एकतर भिडेखातर ‘हो’ म्हणतो किंवा घाबरून ‘नाही’ म्हणतो, आणि दोन्हींतून आपल्याला काहीच कळत नाही. असं विचारा:

- रोज साधारण किती चालता? जिना चढताना कठडा लागतो का?
- चढ अवघड जातो की उतार?
- वाटेत मदत हवी असेल तर ती कशी केलेली आवडते? कशी आवडत नाही?
- कोणती औषधं वेळेवर घ्यावी लागतात? फीट, दमा, साखर खाली जाणं असं काही आहे का?
- उपास, रोजा, जैन जेवण, काही चालत नाही असं?
- गटात तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची?

शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारा. ट्रान्स व्यक्तीच्या ओळखपत्रावर जुनं नाव असू शकतं. ते विम्याच्या कागदापुरतं एकाच आयोजकाकडे राहू द्या, हजेरीच्या यादीत जाऊ देऊ नका. बसमध्ये वीस जणांसमोर चुकीचं नाव पुकारलं की त्या माणसाचा दिवस तिथेच संपतो.

प्रमाणपत्रावरचे टक्के विचारू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. एकाच प्रकारातल्या, एकाच टक्क्याच्या दोन माणसांची चालही सारखी नसते. एक जन्मापासून न दिसणारा मित्र पायऱ्या सरासर चढतो. गेल्या वर्षी नजर गेलेली एक ताई सपाट रस्त्यावरही पाय चाचपत टाकते. शब्दाचंही तसंच आहे. कुणाला ‘दिव्यांग’ आवडतं, कुणाला ‘अपंग’च बरं वाटतं, कुणाला दोन्ही नको असतं. विचारलं की सांगतात.

इशारा: ही माहिती गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. ज्याला ज्या माणसाची सोबत करायची आहे त्याला तेवढीच सांगा, तीही त्या माणसाला विचारून.

## टप्पा ३: आता गड निवडा

सिंहगड मला पहिल्या ट्रेकसाठी सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण तिथे दोन वाटा आहेत. आतकरवाडीतून पायवाट आहे आणि गोळेवाडीकडून घाटरस्ता थेट वरच्या गाडीतळापर्यंत जातो. ज्यांना चालायचं आहे ते चालतात, ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत ते गाडीने येतात, आणि सगळे वर एकत्र पिठलं-भाकरी खातात. वाटेत कुणी थकलं तर खाली उतरून गाडीने वर येण्याचा पर्याय उरतो. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे. पण गाडीतळापासून पुणे दरवाज्याकडे जाताना पायऱ्या आहेत, हे व्हीलचेअरवाल्या मित्राला आधीच स्पष्ट सांगा.

लोहगड दुसरा. लोणावळा लोकलने मळवली, तिथून जीप किंवा रिक्षाने लोहगडवाडी. गावापासून माथ्यापर्यंत जवळपास सगळी पायऱ्यांची वाट, मध्ये एकामागून एक चार दरवाजे. पायऱ्या रुंद आहेत पण उंचीला सारख्या नाहीत, काही ठिकाणी गुडघ्याएवढा पाय उचलावा लागतो. माथा सपाट आहे. विंचूकाटा या गडाच्या लांबट सोंडेकडे जाताना मात्र कातळातून खाली उतरावं लागतं. तो भाग पहिल्या खेपेला सोडा.

तिकोना, तोरणा, राजगडाचा चोर दरवाजा हे पहिल्या ट्रेकला नकोत. एकाच जागी खड्या पायऱ्या, अरुंद कडा आणि समोरून येणारी माणसं असं तिन्ही गाठीला येतं.

व्हीलचेअरवरच्या मित्राला गडावर उचलून न्यायचा बेत अनेकांच्या मनात येतो. त्याने स्वतः मागितलं असेल आणि उचलणारे शिकलेले असतील तरच त्याचा विचार करा. चौघांच्या खांद्यावर, दरीच्या कडेने, स्वतःच्या हातात काहीही नसताना जाणं हे फार भीतीचं असतं, आणि लाजेपोटी तो ते बोलत नाही. पुण्यातल्या तळजाईच्या पठारावरचे रुंद रस्ते पहाटे सगळ्या गटाने मिळून फिरणं यापेक्षा कितीतरी चांगलं. तिथे तो स्वतःची खुर्ची स्वतः हाकतो.

## टप्पा ४: रेकी

आयोजक म्हणतात, ‘सिंहगड काय, पन्नास वेळा गेलोय.’ आपण गेलेलो असतो ते आपल्या पायांनी आणि आपल्या डोळ्यांनी. रेकी, म्हणजे ट्रेकआधी वाट प्रत्यक्ष चालून बघणं, पुन्हा करायची, ट्रेक ज्या वारी आणि ज्या वेळी असेल त्याच वारी, त्याच वेळी. आणि येणाऱ्यांपैकी निदान एकाला बरोबर घ्यायचं.

आतकरवाडीच्या वाटेवर मी एका दृष्टिहीन मित्राबरोबर रेकी केली तेव्हा माझं सगळं लक्ष पायऱ्यांवर होतं. मी प्रत्येक पायरी मोजत होतो. वर पोचल्यावर तो म्हणाला, ‘पायऱ्यांचं सोड. काठी लागते, उंची कळते, पाय जातो. त्या दोन टपऱ्यांमधला मुरमाचा पट्टा आहे ना, तिथे काठी टेकली की घसरते, आणि पाऊल कुठे धरलंय तेच कळत नाही.’ तो पट्टा माझ्या वहीत नव्हताच. माझ्या लेखी ती ‘सोपी वाट’ होती. त्याच्यासाठी टपऱ्याही खुणा होत्या. स्टोव्हचा आवाज आणि लिंबू-सरबताच्या बाटल्या उघडल्याचा फस्स आवाज यांवरून तो किती वर आलो ते सांगत होता.

वहीत दर दहा मिनिटांच्या चालीची नोंद करा:

1. पायाखाली काय आहे: कातळ, माती, मुरूम, मोकळे दगड, मुळं.
2. दरी कोणत्या बाजूला आहे. चढताना उजवी असते ती उतरताना डावी होते, दोन्ही लिहा.
3. डोक्याच्या उंचीला येणाऱ्या फांद्या, दरवाज्याच्या कमानी.
4. सावली आणि बसायच्या जागा. सावली नसलेला सर्वांत लांब पट्टा किती मिनिटांचा आहे?
5. स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याला आतून कडी लागते का. ही कडी रेकीला हाताने लावून बघा.
6. मोबाइलची रेंज कुठे येते, कुठे जाते.
7. गाडी सर्वांत जवळ कुठपर्यंत येऊ शकते.
8. आग्या मोहोळ. कमानीखाली आणि कड्यांवर वर बघा. पोळी असतील तर त्या जागी थांबा घ्यायचा नाही, धूर करायचा नाही, अत्तर-डिओ लावायचं नाही हे सगळ्यांना सांगा.

माकडांचीही नोंद करा. सिंहगडावर ती हातातलं खाणं ओढून नेतात. दिसणारा माणूस हात मागे घेतो, न दिसणारा एकदम दचकून पाय मागे टाकतो, आणि मागे काय आहे ते त्याला माहीत नसतं.

तपासणी: रेकीला लागलेल्या वेळाची दुप्पट करा. ज्या वाटेला तुम्हाला दीड तास लागतो तिला तीन तास धरा, उतरायलाही जवळजवळ तितकेच. हा हिशेब करून दुपारी चारच्या आत सगळे पायथ्याला पोचत नसतील तर निघायची वेळ अलीकडे आणा, किंवा माथ्याआधी थांबायची जागा आत्ताच ठरवा.

## टप्पा ५: सोबत्यांची तालीम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मन लावून मदत करणारा, पण न शिकलेला सोबती हा वाटेतला सर्वांत मोठा धोका आहे. आमच्या एका ट्रेकमध्ये एका उत्साही मुलाने पायरी आली म्हणून दृष्टिहीन मैत्रिणीचं मनगट पकडून वर ओढलं. तिच्या त्याच हातात काठी होती. काठी सुटली, तोल गेला आणि ती गुडघ्यावर आपटली. जखम पुसताना ती एवढंच म्हणाली, ‘मला सांगितलं असतं तर मी चढले असते.’ त्या दिवसापासून तालीम न केलेला सोबती मी घेत नाही.

ट्रेकच्या आधीच्या दोन रविवारी, पहिल्यांदा तळजाईवर आणि दुसऱ्यांदा पर्वतीच्या पायऱ्यांवर, सगळ्या जोड्यांनी एकत्र चालायचं.

### दृष्टिहीन व्यक्तीबरोबर

आपण त्यांना धरायचं नाही, त्यांनी आपल्याला धरायचं. रुंद वाटेवर ते आपला कोपर धरतात आणि आपण अर्धं पाऊल पुढे असतो. अरुंद वाटेवर ते आपल्या सॅकचा पट्टा धरून मागे चालतात. आपल्या खांद्याची हालचाल त्यांना शब्दांच्या आधी कळते. अवघड जागी मागून दुसरा सोबती असतो, पण तो पाठीला हात लावून ढकलत नाही.

शब्द आधी ठरवा आणि सगळ्या सोबत्यांनी तेच वापरा. आम्ही एवढेच वापरतो: ‘वर’, ‘खाली’, ‘मोठी’ (उंच पायरी), ‘सुटे’ (मोकळे दगड), ‘डोकं’ (फांदी किंवा कमान), ‘दरी डावी’, ‘दरी उजवी’, ‘थांब’. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘जरा जपून’ हे शब्द बंद. ‘जपून’ म्हटलं की भीती वाटते, पण करायचं काय ते कळत नाही. ‘थांब’ हा शब्द गप्पांतसुद्धा वापरायचा नाही, तो ऐकला की पाय जागीच थांबला पाहिजे.

थोडं दिसणाऱ्यांची अडचण वेगळी असते. कडक उन्हातून दरवाज्याच्या अंधारात शिरताना आणि बाहेर पडताना त्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. कमानीच्या आत दोन मिनिटं उभं राहा, मग पुढे चला. पायऱ्यांच्या कडा सावलीत हरवतात, तिथे बोलून सांगा.

माथ्यावर पोचल्यावर काय दिसतंय ते सांगायचं का, हे विचारा. हो म्हणाले तर नीट सांगा. खडकवासल्याचं पाणी कोणत्या बाजूला आहे, किती दूर आहे, आज त्याचा रंग कसा आहे. ‘फार सुंदर आहे’ एवढ्यावर सोडू नका.

### कर्णबधिर व्यक्तीबरोबर

आपल्या ट्रेकची सगळी सुरक्षा आवाजावर उभी असते: शिट्टी, हाक, ‘दगड!’ म्हणून मारलेली आरोळी. कर्णबधिर माणसासाठी यातलं काहीच नाही. त्यामुळे त्यांना शेवटी ठेवायचं नाही. रांगेत मधोमध, पुढचा माणूस सतत नजरेत राहील असं. पुढच्याने दर वळणावर मागे वळून बघायचं, नजरानजर झाल्याशिवाय वळण ओलांडायचं नाही.

भारतीय सांकेतिक भाषा येणारा कुणी असेल तर उत्तम. नसेल तर निदान दहा खुणा त्यांच्याकडूनच शिका: थांबा, चला, पाणी, दुखतंय, लघवीला जायचंय, दगड, साप, मधमाश्या, मागे फिरा, ठीक आहे. बोलताना उजेड आपल्या तोंडावर हवा, सूर्य आपल्या पाठीमागे नको. अंधारात हेडटॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या हातांवर धरा.

इशारा: बसमध्ये माइकवर दिलेल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. सगळ्या सूचना आदल्या दिवशी लेखी पाठवा. याचा फायदा झोपेत असलेल्या बाकीच्यांनाही होतो.

श्रवणयंत्र घामाने आणि पाण्याने बिघडतं. झिपवाली पिशवी आणि जादा बॅटऱ्या सोबत असू द्या.

### कृत्रिम पाय किंवा कुबड्या वापरणाऱ्यांबरोबर

सगळ्यांची नजर पायऱ्यांकडे असते, पण खरा त्रास सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीच्या, आत होतो. चालून चालून घाम येतो, मोजा ओला होतो, कातडी घासली जाते आणि पुढच्या पाऊण तासात तिथे फोड येतो. म्हणून दर तासाला आडोशाच्या जागी दहा मिनिटांचा थांबा घ्या: पाय काढायचा, कोरडं करायचं, मोजा बदलायचा, लालसर डाग दिसतोय का बघायचं. हा थांबा सगळ्या गटाचा जाहीर थांबा ठेवा. ‘तुमच्यासाठी थांबलोय’ असं वाटलं की माणूस पुढचा थांबा टाळतो. जादा मोजे आणि पायाचे स्क्रू आवळायची किल्ली सॅकमध्ये हवी. ट्रेकच्या आधी आपल्या लिंब सेंटरला (कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या केंद्राला), मग ते वानवडीचं असो की दुसरं कोणतं, एकदा पाय दाखवून ‘गड चढायचाय’ असं सांगून यावं.

कुबडीच्या टोकाची रबरी बुचं झिजलेली असतील तर कातळावर ती साबणासारखी सरकतात. नवी जोडी घालून या, एक जोडी खिशात ठेवा.

### साठीपुढचे, स्थूल आणि पहिल्यांदा येणारे

यांना लागते ती फक्त चाल. सर्वांत हळू माणूस पुढून दुसरा असेल अशी रांग लावा. तो शेवटी राहिला की पुढचे विश्रांती घेऊन ताजे होतात आणि तो पोचताक्षणी उठून चालू लागतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.

तपासणी: तालमीनंतर प्रत्येक जोडीला वेगवेगळं विचारा, ‘याच सोबत्याबरोबर जायचंय का?’ नको म्हणाले तर कारण न विचारता जोडी बदला.

## टप्पा ६: पैसे, बूट, घरचे

सोबत्याचा खर्च सोबत लागणाऱ्यावर टाकू नका. दोन सोबत्यांचे पैसे मिळून एका माणसाची फी तिप्पट होत असेल तर दार बंदच झालं. खर्च पूर्ण गटात वाटा.

वस्तीतल्या मुली न येण्यामागे बूट हे साधं कारण असतं. गुळगुळीत तळव्याच्या चपलेने मुरमावर चालता येत नाही आणि एका दिवसासाठी नवे बूट कोण घेणार? गटातल्या सगळ्यांच्या घरी पडलेले चांगल्या तळव्याचे बूट गोळा करा आणि तालमीच्या दिवशीच मापं बघून द्या. वर ‘हे परत करायचे हं’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका. घरच्यांशी बोलायला गटातली एखादी ताई प्रत्यक्ष जाऊ द्या: कुठे जाणार, बरोबर बायका किती, अंधाराच्या आत परत कोण सोडणार.

सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या, साबण-पाणी आणि आडोशासाठी घडीचा छोटा तंबू हे प्रथमोपचाराइतकंच आवश्यक सामान आहे. ते एका ताईकडे आहे हे लेखी सूचनेतच लिहा, म्हणजे कुणाला कुणाकडे मागावं लागत नाही. स्वच्छतागृहाची सोय नसली की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की चक्कर आलेल्या बाईला आता आधी ‘सकाळपासून पाणी प्यायलात का?’ हाच प्रश्न विचारतो.

पैसे घेऊन ट्रेक काढत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बघा. विमा काढताना आधीपासूनचं अपंगत्व किंवा आजार असलेल्यांना तो लागू होतो का, हे लेखी विचारून घ्या.

## टप्पा ७: ट्रेकचा दिवस

सकाळी पायथ्याला गोल करा. ओळख करून देताना नाव आणि कुठून आलो एवढंच. आडनाव, नोकरी, ‘तुम्हाला काय झालं होतं?’ हे नको. दृष्टिहीन मित्रांना गोलात कोण कुठे उभं आहे ते आवाजावरून कळतं, म्हणून प्रत्येकाने स्वतः बोलायचं.

मग हा क्रम:

1. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, स्वतःची औषधं स्वतःच्या सॅकमध्ये.
2. लीड (सर्वांत पुढे चालणारा), मधला आणि शेवटचा माणूस ठरवा. तिघांकडे वॉकीटॉकी किंवा रेंज असलेला फोन. शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.
3. माणसं जोड्यांनी मोजा. दर थांब्याला, निघण्याआधी.
4. मागे फिरायची वेळ जाहीर सांगा. सिंहगडाला आम्ही साडेअकरा धरतो. तेव्हा जिथे असू तिथे जेवण आणि परत.
5. १०८ आणि ११२ हे नंबर, तसंच महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर तिघांच्या फोनमध्ये आधीच असावा. फोन केल्यावर पायथ्याचं गाव, वाटेचं नाव आणि वरची जवळची खूण सांगायची.

वाटेत येणारे-जाणारे थांबून दृष्टिहीन मुलांच्या पाठीवर थापा मारतात, पाया पडतात, मोबाइल काढतात. भावना चांगली असते, पण चढावर अचानक लागलेला हात तोल घालवतो. लीडने पुढे जाऊन शांतपणे सांगावं, ‘दादा, वाट द्या, फोटो नको.’ आडनावावरून, धर्मावरून, अंगकाठीवरून कुणी टोमणा मारला, बाहेरचा असो की गटातला, तर आयोजकाने तिथल्या तिथे थांबवायचं. ‘जाऊ दे’ म्हणून सोडलं तर तो माणूस पुन्हा येत नाही.

इशारा: कुणी ‘मी इथेच थांबतो’ म्हणालं तर एकटं सोडायचं नाही. सोबती बरोबर थांबेल, आणि परतीची वेळ दोघांनाही माहीत असेल.

## टप्पा ८: उतार

माथ्यावर पोचलं की गट सैल पडतो आणि बहुतेक पडझड यानंतर होते. पाय थरथरत असतात, ऊन चढलेलं असतं, सोबती गप्पांत रमलेले असतात. कृत्रिम पायाला आणि दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त जड जातो, कारण प्रत्येक पावलाला सगळं वजन एका पायावर तोलून धरावं लागतं. दृष्टिहीन माणसाला चढताना पुढची पायरी काठीला लागते, उतरताना काठी हवेत जाते.

- निघण्याआधी वीस मिनिटं बसा आणि सोबती बदला.
- ‘दरी डावी, दरी उजवी’ आता उलटी झाली, हे सोबत्यांना मोठ्याने म्हणायला लावा.
- सोबती दृष्टिहीन व्यक्तीच्या एक पायरी खाली, पुढे. प्रत्येक उंच पायरीला थांबून ‘खाली, मोठी’.
- कृत्रिम पायवाल्यांनी दोन काठ्या घ्याव्यात आणि खड्या जागी आडवं, नागमोडी उतरावं.
- गुडघे बोलू लागलेल्यांनी सिंहगडावर गाडीतळाकडून गाडीने उतरावं. हे सकाळीच सांगून ठेवलेलं असलं की दुपारी कुणाला कमीपणा वाटत नाही.

गट लांबला तर पुढचे थांबतील, मागचे धावणार नाहीत.

## टप्पा ९: परतल्यावर

फोटो टाकण्याआधी त्या फोटोतल्या प्रत्येकाला विचारा, आणि दृष्टिहीन मित्राला फोटोत काय दिसतंय ते वर्णन करून सांगा. मथळ्यात नाव आणि गड पुरे. ‘अंधत्वावर मात’ वगैरे लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला वाचून दाखवा.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करा. त्याच संध्याकाळी केला तर ‘मस्त झालं’ एवढंच ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी फोड कुठे आला, कोणत्या जागी भीती वाटली, कोणत्या सोबत्याचं बोलणं लागलं हे बाहेर येतं. ते रेकीच्या वहीत, त्या त्या दहा मिनिटांच्या नोंदीशेजारी लिहा. आमच्या वहीत आतकरवाडीच्या त्या मुरमाच्या पट्ट्यापुढे आता चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नोंदी आहेत. शेवटची नोंद एका कर्णबधिर मुलीची आहे: ‘इथे पुढच्याने मागे वळून बघितलं नाही.’ पुढच्या तालमीला त्या जागेची नक्कल तळजाईवर दगड पसरून करायची ठरली आहे, आणि रांगेत लीड तीच करणार आहे.